पाण्यामागे धावणारा उतार

जुलैत लास व्हेगासचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. जवळच्या लेक मीड जलाशयावर बोट न्यायची तर माणसं पहाटेच निघतात आणि उजाडायच्या आत हेमनवे हार्बरच्या रॅम्पवर रांग लागलेली असते. पुढे पिकअप, मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट. कुणाची सोळा फुटी ॲल्युमिनियमची, मासे धरायची. कुणाची फायबरची, चकचकीत, मागे दोन-दोन इंजिनं लावलेली. पाळी आली की चालक उतारावर गाडी वळवतो, मागे मान करतो आणि पाण्याच्या दिशेने उलटा निघतो. सगळं जमलं तर दोन-तीन मिनिटांत बोट तरंगते, रिकामा ट्रेलर निथळत वर येतो आणि पुढची गाडी सरकते. नाही जमलं तर वीस मिनिटंही जातात. मागची रांग तेवढा वेळ गाडीत बसून बघत असते.

कोकणात होडी जिथे राहते, तिथल्याच किनाऱ्यावरून पाण्यात जाते. १ जूनला मासेमारीबंदी लागायच्या आधी ती वर ओढायला अख्खी आळी दोराला हात लावते आणि बंदी उठली की तेच हात तिला परत लोटतात. अमेरिकेतली छोटी बोट मालकाच्या घरी, गॅरेजच्या शेजारी उभी असते. शनिवारी मन होईल त्या पाण्यावर ती जाते, या आठवड्यात लेक मीड, पुढच्या आठवड्यात दोन-अडीच तासांवरचं लेक हवासू. तिच्यासाठी आळी गोळा होत नाही. एक गाडी आणि फार तर दोन माणसं, एवढ्यावर टनभराची बोट पाण्यात जाते आणि संध्याकाळी घरी परत येते. हे होऊ शकतं, कारण काठावर सरकारने उतार बांधून ठेवला आहे आणि फाटकावर ठरलेलं शुल्क भरलं की तो कुणालाही वापरता येतो.

या उतारांमागची पैशाची व्यवस्था मला फार मोलाची वाटते. १९५० साली डिंगेल-जॉन्सन कायदा झाला. मासेमारीच्या गळ-दांड्यांवर लागणारा कर वेगळा काढून तो माशांच्या आणि पाण्याच्या कामी राज्यांना द्यायचा, असं त्यात ठरलं. १९८४ मध्ये वॉलप-ब्रो दुरुस्तीने त्यात मोटारबोटींत जळणाऱ्या पेट्रोलवरच्या कराची भर पडली. आज राज्यांना या निधीतला सुमारे १५ टक्के भाग लोकांना बोट घेऊन पाण्यापर्यंत पोचता यावं यासाठी खर्चावा लागतो. म्हणजे रॅम्प, धक्के, गाड्या लावायची जागा. लेक मीड केंद्राच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे असल्याने तिथला पैसा वेगळ्या वाटेने येतो, पण देशभरातले किती तरी रॅम्प या निधीतून उभे राहिले आहेत. बोटवाल्याने टाकीत भरलेल्या पेट्रोलचा पैसा बोटवाल्याच्याच पायाखालचं काँक्रीट होऊन परत येतो.

आणि ते काँक्रीट साधं नसतं. उतार किती असावा याचं गणित अनुभवातून पक्कं झालेलं आहे. शंभर फूट पुढे गेल्यावर बारा ते पंधरा फूट खाली, म्हणजे १२ ते १५ टक्के. याहून तीव्र झाला तर ओल्या उतारावर गाडीची चाकं घसरतात आणि भरलेली बोट वर खेचता येत नाही. याहून सपाट झाला तर अडचण निराळी. बोट ट्रेलरवरून सुटायला मागच्या टोकाशी समजा तीन फूट पाणी लागतं. १४ टक्के उतारावर तेवढी खोली काठापासून साधारण एकवीस फुटांवर मिळते. ट्रेलर पाण्यात जातो, पण गाडीची मागची चाकं कडेलाच राहतात. उतार ५ टक्क्यांचा असेल तर तीच खोली साठ फुटांवर जाते आणि तिथवर ट्रेलर ढकलायचा म्हणजे गाडीच पाण्यात घालायची. काँक्रीटच्या पृष्ठभागावर तिरपे खोल चर कोरलेले असतात. टायरला पकड मिळते आणि पाणी व शेवाळ बाजूला निघून जातं. शेवाळ तरीही धरतंच. रॅम्पवर माणसं घसरून पडतात ती बहुतेक पाण्याच्या रेषेजवळच्या त्या हिरव्या पट्ट्यावर.

अनुभवी माणूस मात्र उतारावर फारसं काही करत नाही. त्याचं काम वर, तयारीच्या जागेत झालेलं असतं. प्रवासात बोट ट्रेलरला आवळून धरणारे मागचे पट्टे तो तिथेच सोडतो. बोट ओढून घेणाऱ्या पुढच्या विंचचा पट्टा आणि साखळी मात्र सोडत नाही, कारण ट्रेलरवर बोट टेकायला पाट्यांऐवजी रोलर असतील तर उतारावर येताच बोट मागे घरंगळू शकते आणि पाण्याऐवजी काँक्रीटवर आदळू शकते. दोर बांधून ठेवतो. जीवरक्षक जाकिटं, बर्फाची पेटी, मुलांच्या टोप्या बोटीत चढवतो. इंजिन बोटीच्या आत असेल तर कोंडलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढायला पंखा निदान चार मिनिटं चालवल्याशिवाय चावी फिरवत नाही. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून काढतो, नाहीतर तापलेले दिवे गार पाण्यात बुडताच फुटतात. आणि बोटीच्या तळाचं बूच बसवतो.

हे बूच पितळेचं किंवा रबराचं, मुठीत मावणारं. बोट कोरडी असताना तळाचं पाणी निघून जावं म्हणून ते काढलेलं असतं. विसरलं की बोट पाण्यात जाते, छान तरंगते, गाडी लावून मालक परत येतो तोवर मागची बाजू खाली बसायला लागलेली असते. वर्षानुवर्षं बोट चालवणाऱ्यांच्याही हातून हे होतं. म्हणून काही जण बूच गाडीच्या चावीलाच अडकवून ठेवतात. रॅम्पवर ऐकलेल्या सगळ्या युक्त्यांमध्ये मला ही सर्वांत पटली.

ट्रेलरची चाकं हाही असाच एक न दिसणारा विषय. शंभर किलोमीटर धावून आलेल्या चाकांचे हब तापलेले असतात. तसेच गार पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत खेचलं जातं. ग्रीस खराब होतं, बेअरिंग गंजतं, आणि मग एके दिवशी हायवेवर चाक निखळतं. उपाय दोन. हबवर स्प्रिंगचा दाब असलेली टोपी बसवायची, म्हणजे ग्रीस सतत दाबाखाली राहून पाण्याला शिरकाव मिळत नाही. आणि वर तयारीच्या जागेत थोडा वेळ थांबायचं. चाकं निवतात, तेवढ्यात बाकीची कामंही होतात. घाई करणारा नेमकी हीच दहा मिनिटं वाचवायला बघतो.

गाडी उलटी नेण्याची धास्ती सगळ्या नवशिक्यांना असते. ट्रेलर चालकाच्या मनाविरुद्ध वळतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं. बैलगाडी हाताने मागे लोटताना जू एका बाजूला दाबलं की गाडीची पिछाडी दुसऱ्या बाजूला जाते, तसंच हे. उलटं गणित डोक्यात करत बसण्यापेक्षा हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा, असं इथे शिकवतात. मग ज्या बाजूला ट्रेलर न्यायचा त्याच बाजूला हात न्यायचा. आणि फिरवायचं ते अगदी जरासं. ट्रेलर जितका आखूड, तितका तो झटकन वळतो. एकदा का गाडी आणि ट्रेलरमध्ये काटकोन व्हायला लागला की आणखी रेटण्यात अर्थ नसतो. पुढे जायचं, दोन्ही सरळ रेषेत आणायचे, पुन्हा सुरुवात. पुढे जाऊन पुन्हा सुरुवात करणाऱ्याला रांगेतलं कुणी हसत नाही. तिरक्या ट्रेलरने दोन लेन अडवणाऱ्याबद्दल मात्र नापसंती असते, आणि ती रास्त आहे.

इथे भारतीय कुटुंबंही दिसतात. ॲरिझोनातून आलेलं एक मराठी जोडपं मला रॅम्पवर भेटलं. ती गाडी चालवत होती आणि तो बोटीत उभा होता. "अहो, ओरडू नका, हात दाखवा," एवढं एकच वाक्य मला ऐकू आलं, आणि त्यानंतर खरोखरच दोघांमध्ये हाताच्या खुणांवर सगळं काम झालं. इंजिनांच्या आवाजात आणि वाऱ्यात ओरडलेलं ऐकू येत नाही, आलं तरी 'डावीकडे' म्हणजे कुणाच्या डावीकडे हा घोळ उरतोच. खुणा आधी ठरवलेल्या असल्या की तो प्रश्नच येत नाही. त्यांनी घराजवळच्या, सुट्टीच्या दिवशी रिकाम्या असणाऱ्या एका पार्किंगमध्ये शंकू मांडून सराव केला होता. बाईंचा हात सफाईदार होता. ट्रेलरची मडगार्डं जेमतेम बुडाली आणि गाडी थांबली. हॅण्डब्रेक लागला. त्याने साखळी सोडली, बोट मागे सरकली, दोराने ती तरंगत्या धक्क्याला लागली. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यांनी हेडलाइटही बंद ठेवले होते. शेजारच्या लेनमध्ये आरशात बघत उलटं येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये म्हणून.

बोट सोडण्यापेक्षा बोट परत चढवणं अवघड, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. सकाळी माणसं एकेक करून येतात, परतताना सगळी एकदम. दुपारनंतर वारा सुटलेला असतो. उन्हाने अंग पेंगुळलेलं असतं, मुलं रडकुंडीला आलेली असतात, कुणाच्या पोटात बिअर गेलेली असते. वाऱ्याने बोट आडवी ढकलली जाते आणि तेवढ्या वाऱ्यात तिची नाळ ट्रेलरच्या मधोमध आणायची असते.

यातही खोली हाच कळीचा मुद्दा. ट्रेलर फार खोल घातला तर बोट त्याच्यावर नुसती तरंगत राहते, वाऱ्याने तिरकी होते, आणि ट्रेलर वर खेचताना पाट्यांवर वाकडी बसते. कमी खोल घातला तर विंच फिरवून हात भरून येतात तरी बोट चढत नाही. पाट्या आधी पूर्ण बुडवून ओल्या करायच्या, मग पुढचा थोडा भाग उघडा राहील इतका ट्रेलर वर घ्यायचा, ही सर्वसाधारण रीत. बोट हळू आणायची, नाळ पुढच्या रबरी ठोकळ्याला टेकवायची, विंचचा पट्टा लावायचा, साखळी अडकवायची. इंजिन वर उचलायचं, नाहीतर पंख्याची पाती काँक्रीटवर घासतात. थोडं वर येऊन थांबायचं आणि खाली उतरून बघायचं, बोट सरळ बसली आहे का. पाण्यातून पूर्ण बाहेर आल्यावर दुरुस्तीला वाव नसतो.

विंचचा कंटाळा आला की काही जण इंजिनाला जोर देऊन बोट ट्रेलरवर चढवतात. दिसायला ते झटपट आणि मर्दानी वाटतं. पण पंख्याचा तो झोत रॅम्पच्या टोकापलीकडची माती उकरतो. तिथे खड्डा पडतो आणि उकरलेला गाळ जरा पुढे उंचवट्यासारखा साठतो. खड्डा पाण्याखाली, कुणाला दिसत नाही. पुढच्या माणसाचा ट्रेलर काँक्रीटच्या कडेवरून त्यात पडतो आणि आस वाकतो. पाणी उतरलेलं असेल तर टोक जवळ आलेलं असतं, म्हणजे धोका दुप्पट. अनेक रॅम्पवर असं करायला मनाई असल्याच्या पाट्या आहेत. मला हा नियम मोडणाऱ्याचा खरा राग येतो, कारण त्याचं नुकसान त्याला स्वतःला कधीच भोगावं लागत नाही.

असंच आणखी एक नुकसान ट्रेलरवरूनच लेक मीडमध्ये आलं, असं तज्ज्ञ मानतात. क्वागा नावाचा शिंपला मूळचा युक्रेनमधल्या नद्यांचा. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत पोचला आणि १९८९ मध्ये तिथे सापडला. तिथून नेवाडाच्या वाळवंटापर्यंत त्याला पोचवणारी एकही नदी नाही. तरी जानेवारी २००७ मध्ये तो लेक मीडमध्ये मिळाला आणि त्याच महिन्यात खाली लेक मोहावी आणि लेक हवासूमध्येही. बोटाच्या नखाएवढा हा जीव. मादी वर्षाला लाखो अंडी घालते, पिल्लं सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. बोटीच्या तळाशी राहिलेल्या वाटीभर पाण्यात ती शेकडो मैलांचा प्रवास करतात. पूर्ण वाढलेला शिंपला गार, दमट जागी पाण्याबाहेर काही आठवडेही तगू शकतो. पाइपांत थरावर थर चढवून तो पाणी अडवतो. लेक मीडचं पाणी अडवणाऱ्या हूवर धरणाच्या वीजघरालाही थंड पाण्याच्या नळांत त्याच्याशी झुंजावं लागतं.

म्हणून लेक मीडहून बाहेर पडताना सकाळी ज्या बुचाची आठवण ठेवायची, तेच आता काढायची आठवण ठेवायची. ही नुसती सूचना नाही. नेवाडा, ॲरिझोना, युटा या राज्यांत बूच काढूनच रस्त्यावर यायचं, असा कायदा आहे. बोटीचा तळ, मासे ठेवायची टाकी, इंजिनात राहिलेलं पाणी, सगळं ओतून टाकायचं, पुसायचं, वाळवायचं. बोट बराच काळ पाण्यात राहिलेली असेल तर साठ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याने ती धुतात. लेक मीड वाचवायची वेळ निघून गेली आहे. तिथे बूच काढणारा माणूस कुठल्या तरी दुसऱ्या, अजून स्वच्छ असलेल्या तलावासाठी ते काढत असतो, आणि तो तलाव त्याने कदाचित पाहिलेलाही नसतो.

या सगळ्याहून मोठी एक गोष्ट लेक मीडवर घडते आहे. पाणीच रॅम्प सोडून चाललं आहे.

हूवर धरण १९३५ मध्ये पुरं झालं. मागचा हा जलाशय साठवणक्षमतेने अमेरिकेतला सर्वांत मोठा. काठोकाठ भरला तर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,२२९ फुटांवर जाते. २००० साली ती सुमारे १,२१४ फूट होती. मग दुष्काळाची लांबलचक मालिका लागली आणि जुलै २०२२ च्या अखेरीस पाणी सुमारे १,०४१ फुटांपर्यंत उतरलं. बावीस वर्षांत पावणेदोनशे फूट. डोंगरकड्यांवर क्षारांचा पांढरा पट्टा राहिला, त्यावरून पाणी कुठवर होतं ते आजही दिसतं. आपल्या धरणांचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि पाऊस झाला की चढतं. इथे पाऊस नसतो, रॉकी पर्वतातला बर्फ वितळून कोलोरॅडो नदी वाहते. तापमान वाढल्यामुळे त्या बर्फातलं नदीपर्यंत पोचणारं पाणी घटलं आहे. त्यात नदीवरच्या राज्यांनी १९२२ च्या करारात नदी वाटून घेतली ती पाण्याची आवक जास्त धरून. आज सुमारे चार कोटी माणसं या नदीवर अवलंबून आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारला नदीच्या इतिहासात पहिल्यांदा अधिकृत पाणीटंचाई जाहीर करावी लागली.

आता उताराचं गणित पुन्हा मांडू. १४ टक्के उतारावर पाणी एक फूट उतरलं की काठ सात फूट लांब जातो. पावणेदोनशे फुटांसाठी सव्वा हजार फूट रॅम्प लागेल, तोही जमीन सगळीकडे हव्या त्या उताराची असेल तर. ती तशी नाही. बऱ्याच ठिकाणी जुन्या रॅम्पच्या टोकापुढे तळ सपाट होत जातो किंवा गाळाने भरलेला आहे. तिथे काँक्रीट वाढवूनही उपयोग नसतो. गाडी बुडेल, बोट तरंगणार नाही. म्हणून एकेक रॅम्प हातचा गेला. लास व्हेगास बेमधली गोदी २००२ मध्ये उचलून दुसरीकडे न्यावी लागली, ओव्हरटन बीचची २००७ मध्ये बंद झाली. बोल्डर हार्बर, कॉलव्हिल बे, एको बे, टेंपल बार या नावांपुढे 'बंद' लागत गेलं. २०२२ च्या उन्हाळ्यात बांधलेल्या रॅम्पपैकी एकटा हेमनवे चालू होता, तोही कमी लेनवर, पाण्यापर्यंत लोखंडी पाइपांच्या चटया अंथरून. काही तास रांगेत उभं राहून लोक बोटी उतरवत होते. हेमनवेपासून जवळच त्या जुलैत दुसऱ्या महायुद्धातली एक हिगिन्स बोट पाण्याबाहेर आली. पुढचा दरवाजा पाडून सैनिकांना थेट किनाऱ्यावर उतरवणारी, स्वतःचा रॅम्प स्वतःच घेऊन फिरणारी ती बोट, कित्येक दशकं खोल पाण्याखाली होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला आणि पातळी काहीशी सावरली, पण भरली नाही. दरम्यान पार्क सर्व्हिसने लोकांपुढे काही पर्याय ठेवले. दर काही फुटांना रॅम्प वाढवत न्यायचा म्हणजे दरवेळी लाखो डॉलर ओतायचे, आणि पाणी आणखी खाली गेलं की तेही वाया. त्यामुळे काही ठिकाणी ट्रेलरवरून मोटारबोटी उतरवणं थांबवावं, हाही एक पर्याय होता. काठावरच्या गावांतून, मासेमारांकडून, दुकानदारांकडून त्याला जोरदार विरोध झाला.

मला हा विरोध योग्य वाटतो. ज्याच्याकडे गोदीत कायमची जागा भाड्याने घेण्याइतका पैसा आहे, त्याची बोट पाण्यातच असते. पाणी मागे गेलं की गोदी तरंगत मागे जाते, बोटही तिच्याबरोबर. रॅम्प गेला तर पाणी तुटतं ते घरी ट्रेलरवर बोट ठेवणाऱ्याचं, आठवडाभर काम करून पहाटे चारला निघणाऱ्या माणसाचं. पैसा अमर्याद नाही, हे खरं. सगळे रॅम्प वाचवता येणार नाहीत, हेही खरं. पण ज्या दोन-तीन जागी तळाचा उतार अजून साथ देतो, तिथे काँक्रीट खाली नेत राहण्याचं काम आज आखून, पैसा बाजूला ठेवून करता येण्यासारखं आहे.

सरकारी जलखातं लेक मीडची पातळी रोज जाहीर करतं आणि पुढच्या चोवीस महिन्यांचा अंदाज दर महिन्याला देतं. हेमनवेच्या रांगेतली माणसं शुक्रवारी रात्री तो आकडा बघतात, किती लेन उघड्या आहेत आणि किती लांबीची बोट चालेल ते तपासतात, आणि मगच ट्रेलर जोडतात. रॅम्पचा पैसा मंजूर करणाऱ्यांच्या टेबलावरही तोच चोवीस महिन्यांचा अंदाज असतो. पाणी आणखी चार फूट उतरलं तर पुढचे तीस फूट काँक्रीट कुठे पडणार, हे त्यावरून आजच ठरवता येतं.